लीएज–बास्तोन्य–लीएज : मार्ग कसा वाचावा आणि विजेता कसा ओळखावा

वसंत ऋतूत युरोपातील सायकलशर्यतींच्या वार्ता येऊ लागल्या, की वाचकांच्या पत्रांत तेच तीन प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुनःपुन्हा विचारलेले आढळतात. एका दिवसात संपणाऱ्या शर्यतीत संभाव्य विजेता कोण, हे आधी कशावरून ओळखावे? सुमारे सहा तास चालणाऱ्या या शर्यतीत पहिले चार तास काहीच घडत नाही असे वाटते, ते खरे की पाहणाऱ्याच्या नजरेचा दोष? आणि दहा-अकरा चढांच्या यादीतून नेमका कोणता चढ निर्णायक मानावा? या प्रश्नांची उत्तरे एकाच शर्यतीच्या आधारे द्यावीत, म्हणजे ती हवेत राहणार नाहीत, या हेतूने बेल्जियममधील लीएज–बास्तोन्य–लीएज ही शर्यत येथे घेतली आहे. डोंगराळ मुलखातील एकदिवसीय शर्यतींत तिच्याइतकी जुनी आणि तिच्याइतकी स्पष्ट रचनेची दुसरी शर्यत नाही. प्रारंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो : बहुतेक प्रेक्षक आधी नाव निवडतात आणि मग मार्ग पाहतात. आपण हा क्रम उलटा करावा. मार्ग नीट वाचला, की पावणेदोनशे नावांतून पाच-सहाच नावे हाती उरतात, आणि मग शर्यतीतला एकही तास रिकामा वाटत नाही.

प्रथम, ही शर्यत कोणती ते निश्चित करा

एप्रिलच्या उत्तरार्धात एका आठवड्याच्या अवधीत तीन टेकडाळ शर्यती लागोपाठ होतात आणि वृत्तपत्रांतील त्रोटक बातम्यांमुळे वाचकांची त्यांच्यात गल्लत होते. म्हणून हा फरक ध्यानात ठेवावा :

- आम्स्टेल गोल्ड रेस ही नेदरलँड्सच्या लिंबुर्ख प्रांतात रविवारी होते. चढ लहान, रस्ते अरुंद आणि वळणे अगणित, असे तिचे स्वरूप आहे.
- फ्लेश वालोन ही पुढील बुधवारी होते. ती वी गावाच्या सुमारे १.३ किलोमीटर लांबीच्या अतितीव्र चढावर संपते, त्यामुळे बहुधा त्या अखेरच्या भिंतीवरच तिचा निकाल लागतो.
- लीएज–बास्तोन्य–लीएज ही त्यानंतरच्या रविवारी होते. तिन्हींत ती सर्वांत लांब असून गेल्या काही वर्षांत तिचे अंतर २५० ते २६० किलोमीटरांच्या दरम्यान राहिले आहे. एकूण चढाई ४,००० मीटरांहून अधिक भरते.

ही शर्यत प्रथम १८९२ साली हौशी सायकलपटूंसाठी भरली. त्या वेळी ती स्पा या गावाहून निघून बास्तोन्यला वळसा घालून स्पा येथेच संपली होती. पंचांना आगगाडीने जाऊन स्पर्धकांची नोंद घेता यावी, या व्यावहारिक सोयीसाठी दक्षिणेचे टोक म्हणून बास्तोन्य मुक्रर करण्यात आले, आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ते टोक कायम आहे. मिलान–सान रेमो, टूर ऑफ फ्लांडर्स, पॅरिस–रूबे आणि इल लोंबार्दिया यांच्यासह सायकलजगत ज्या पाच शर्यतींना सर्वोच्च मान देते, त्यांत वयाने हीच ज्येष्ठ आहे. स्त्रियांची स्वतंत्र शर्यत २०१७ पासून होते. ती बास्तोन्यहून निघते आणि सुमारे १५० किलोमीटरांनंतर लीएजला पोहोचते.

वेळेचा हिशेबही आधीच करून ठेवावा. एप्रिलमध्ये बेल्जियमची घड्याळे आपल्या साडेतीन तास मागे असतात. पुरुषांची शर्यत तेथे सकाळी दहाच्या सुमारास सुटते आणि सायंकाळी चार ते पाचच्या दरम्यान संपते. म्हणजे आपल्याकडे दुपारी दीडच्या सुमारास आरंभ आणि रात्री साडेसात ते साडेआठच्या दरम्यान शेवट. नेमकी वेळ वर्षागणिक थोडी बदलते, म्हणून आयोजकांनी जाहीर केलेले वेळापत्रक त्या आठवड्यात एकदा पाहून घ्यावे.

मार्गाचे तीन भाग पाडा

आयोजक दरवर्षी मधल्या टप्प्यात थोडाफार फेरफार करतात, परंतु मार्गाचा सांगाडा बदलत नाही. नकाशा समोर ठेवून त्याचे पुढीलप्रमाणे तीन भाग पाडावेत.

१. लीएज ते बास्तोन्य, सुमारे १०० किलोमीटर. हा दक्षिणेकडे बऱ्याच अंशी सरळ जाणारा भाग आहे. त्यात नोंदलेले चढ क्वचितच असतात. या भागात कमी प्रसिद्ध अशा काही सायकलपटूंची टोळी पुढे निसटते आणि मुख्य जथा तिला काही मिनिटांची मोकळीक देतो.

२. बास्तोन्य ते आंब्लेव्ह नदीचे खोरे, सुमारे ११५ किलोमीटर. परतीचा रस्ता मुद्दाम वाकडातिकडा आखलेला असून आर्देनच्या अरण्यातील चढ येथे एकामागून एक येऊ लागतात. उफालीझ गावातील सें-रोक हा सुमारे एक किलोमीटरचा आणि ११ टक्क्यांचा खडा चढ त्यांतला पहिला मोठा इशारा होय. पुढे सुमारे ८० किलोमीटर उरले असताना वान, स्तोकू आणि ओत-लव्हे ही त्रयी येते. पैकी स्तोकू एक किलोमीटर लांब आणि सरासरी १२.५ टक्के तीव्रतेचा आहे, आणि त्याच्या माथ्यावर या शर्यतीचे पाच वेळचे विजेते एडी मर्क्स यांच्या सन्मानार्थ शिलास्तंभ उभा आहे. त्यानंतरचा रोझिए हा घाट चार किलोमीटरांहून लांब, परंतु सौम्य आहे.

३. अखेरचे ३५ किलोमीटर. निकाल लागतो तो येथे. रमूशां गावातून सुटणारा ला रदूत हा चढ सुमारे १.६ किलोमीटरांचा असून त्याची सरासरी ९ टक्क्यांहून अधिक आहे, आणि माथ्याजवळ काही ठिकाणी तीव्रता जवळजवळ २० टक्क्यांना भिडते. त्याचा माथा शेवटापासून सुमारे ३४ किलोमीटरांवर आहे. मग फोर्ज (१.३ किलोमीटर, सुमारे ८ टक्के), आणि शेवटचा रोश-ओ-फोकों (१.३ किलोमीटर, ११ टक्के), ज्याच्या माथ्यापासून लीएजच्या नदीकाठापर्यंत सुमारे १३ किलोमीटर उरतात.

या तिसऱ्या भागाचा आजचा आकार २०१९ पासूनचा आहे, ही बाब विजेता ओळखण्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९९२ ते २०१८ पर्यंत शर्यत लीएजलगतच्या आन्स या उंचवट्यावरील उपनगरात संपत असे. शेवटच चढावर असल्यामुळे बलवान सायकलपटू अखेरच्या चढाची वाट पाहत थांबत आणि ला रदूतवर प्रत्यक्षात फारसे काही घडत नसे. शेवट पुन्हा लीएज शहरात सपाटीवर आणल्यानंतर थांबणे तोट्याचे ठरू लागले, कारण सपाट शेवटावर वेगवान धावेचे सायकलपटू वरचढ ठरण्याचा संभव असतो. साहजिकच शुद्ध चढाईच्या बळावर जिंकू पाहणाऱ्यांना आधीच निघावे लागते. १९९२ ते २०१८ मधील आडाखे आजच्या शर्यतीला लावू नयेत, ते याच कारणासाठी.

चढाचे आकडे वाचताना तीन प्रश्न विचारा

चढांच्या यादीत लांबी आणि सरासरी टक्केवारी एवढेच दिलेले असते. १०० मीटर पुढे जाताना ९ मीटर वर चढावे लागले तर तो चढ ९ टक्के, हा साधा अर्थ. परंतु केवळ टक्केवारीवरून चढाचे महत्त्व ठरत नाही. प्रत्येक चढासाठी हे तीन प्रश्न विचारावेत :

- तो शेवटापासून किती अंतरावर आहे? स्तोकू हा ला रदूतहून तीव्र आहे, तरीही तो निर्णायक ठरणे कठीण, कारण त्याच्यानंतर मागे पडलेल्यांना सावरण्यास भरपूर अवधी मिळतो. त्याचे काम पाय दमविण्याचे आणि संघांचे सहायक गळविण्याचे आहे.
- माथ्यानंतर काय आहे? लांब उतार किंवा रुंद सपाटी असेल तर मागचा जथा एकजुटीने पाठलाग करू शकतो. ला रदूतच्या माथ्यावर रस्ता उघड्या पठारावर चढउतार करीत राहतो, आणि रोश-ओ-फोकोंनंतरही लगेच उतार न लागता वरवर सपाट भासणारी आणखी एक चढण लागते. एकट्याने पुढे गेलेल्याला ही दोन्ही ठिकाणे अनुकूल आहेत.
- तेथे आडोशाचा लाभ मिळतो का? सपाटीवर दुसऱ्याच्या चाकामागे राहणाऱ्याची सुमारे एक तृतीयांश शक्ती वाचते. तीव्र चढावर वेग उतरला, की हा लाभ झपाट्याने घटतो आणि प्रत्येकाला आपले वजन आपल्याच बळावर वर न्यावे लागते. ८० किलो वजनाचा वेगवान सायकलपटू सपाटीवर जिंकतो आणि येथे मागे पडतो, याचे एवढेच कारण.

मुंबई–पुणे सायकलशर्यतीचा परिचय असलेल्या वाचकांना यातला फरक लगेच कळेल. त्या शर्यतीत बोरघाट हा एकच मोठा चढ असल्याने 'घाटाचा राजा' कोण, ते एका ठिकाणी उभे राहून पाहता येते. आर्देनमध्ये कोणताही चढ बोरघाटाइतका लांब नाही, पण तो संपताच दुसरा उभा राहतो आणि २०० किलोमीटरांनंतर तोच सव्वा किलोमीटर असह्य होतो. म्हणूनच या शर्यतीत एका चढावर सर्वांत वेगवान असणारा सायकलपटू जिंकेलच असे नाही. सहाव्या तासालाही तसा चढू शकणारा जिंकतो.

संभाव्य विजेता ठरविण्याच्या पाच कसोट्या

आता नावांकडे वळावे. शर्यतीपूर्वी सहभागी सायकलपटूंची यादी प्रसिद्ध होते. प्रत्येक संघाला सात सायकलपटू उतरविता येतात आणि एकूण संघ साधारण पंचवीस असतात. ही यादी पुढील कसोट्यांना क्रमाने लावावी :

१. याच शर्यतीतील पूर्वीची कामगिरी. अनुभव येथे फार मोलाचा आहे. एडी मर्क्स यांनी ती पाच वेळा, तर मोरेनो आर्जेन्तिन आणि आलेहांद्रो वाल्वेर्दे यांनी प्रत्येकी चार वेळा जिंकली. पहिल्याच सहभागात जिंकणे क्वचित घडते, पण अशक्य नाही. रेम्को एव्हेनेपूलने २०२२ मध्ये ते करून दाखविले.

२. त्या आठवड्यातील फलश्रुती. आम्स्टेल आणि फ्लेश वालोन यांतील पहिले दहा क्रमांक पाहावेत, तसेच एप्रिलच्या आरंभी होणाऱ्या बास्क प्रांताच्या शर्यतीचा निकालही पाहावा. मात्र फ्लेश वालोनमधील विजयाला प्रमाणाबाहेर महत्त्व देऊ नये. एका भिंतीवरची झेप आणि सहा तासांनंतरची चढाई यांत अंतर आहे.

३. मोसमातील श्रम. फ्लांडर्स आणि पॅरिस–रूबे यांच्या दगडी रस्त्यांवर सर्वस्व पणाला लावून आलेला सायकलपटू थकलेला असण्याचा संभव अधिक. तो या दोन शर्यतींनंतर विश्रांती घेऊन आला आहे का, हे तपासावे.

४. सहायकांची संख्या. ला रदूतच्या पायथ्याशी अरुंद रस्त्यावर पहिल्या वीसांत असणे अत्यावश्यक आहे, आणि तेथवर नेणारे दोन-तीन सहकारी ज्याच्यापाशी उरले आहेत, त्याचे अर्धे काम झालेले असते.

५. लहान गटातील अंतिम धाव. चार-सहा जण एकत्र आले तर शेवटी वेगाने कोण धावेल? जो येथे दुबळा आहे त्याला एकट्यानेच यावे लागेल, म्हणजे त्याची मुसंडी कुठे येणार याचा अंदाजही आपल्याला बांधता येतो.

कसोट्या लावून पाहू

पुरुषांच्या शर्यतीत तादेय पोगाचार हा स्लोव्हेनियाचा सायकलपटू पाचही कसोट्यांना उतरतो. २०२१ मध्ये त्याने ज्यूलियां आलाफिलिप, दाव्हिद गोदू, वाल्वेर्दे आणि मायकेल वुड्स यांच्यासह आलेल्या पाच जणांच्या गटातून अंतिम धावेत विजय मिळविला. २०२४ आणि २०२५ मध्ये मात्र तो ला रदूतवरूनच एकटा निघून गेला आणि दोन्ही वेळा एक मिनिटाहून अधिक अंतराने जिंकला. दोन्ही मार्गांनी जिंकण्याची ही क्षमता दुर्मीळ आहे, म्हणून तो प्रस्थानरेषेवर असला तर पहिले नाव त्याचेच लिहावे.

दुसरे नाव एव्हेनेपूलचे. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे तो ला रदूतच्या परिसरातून मुसंडी मारून जिंकला. एकट्याने दीर्घकाळ वेग राखणे ही त्याची खरी शक्ती. २०२३ मध्ये पोगाचार शर्यतीच्या पूर्वार्धातच पडून मनगटाच्या अस्थिभंगामुळे बाहेर गेला होता, हे लक्षात ठेवावे, परंतु त्यामुळे त्या विजयाचे मोल कमी मानू नये.

त्यापुढील नावांसाठी प्रथम तीनांतील नोंदी उपयोगी पडतात. २०२३ मध्ये टॉम पिडकॉक दुसरा, २०२४ मध्ये रोमँ बार्दे दुसरा आणि मातिए व्हान देर पूल तिसरा, २०२५ मध्ये ज्यूलिओ चिकोने दुसरा आणि बेन हीली तिसरा आला. यांपैकी व्हान देर पूलचे उदाहरण वेगळे आहे. देहयष्टीने तो चढाईचा नव्हे, तरी मोठ्या पाठलागी गटात टिकून राहून त्याने वेगवान अंतिम धावेच्या बळावर स्थान मिळविले. पहिला निसटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची शर्यत निराळ्या गुणांवर ठरते, हा धडा त्यातून घ्यावा.

स्त्रियांच्या शर्यतीत अंदाज बांधणे अधिक कठीण आणि म्हणून अधिक आनंदाचे आहे. देमी फोलरिंगने २०२१ आणि २०२३ मध्ये विजय मिळविला, आणि तिचे नाव यादीत अग्रभागी राहीलच. परंतु २०२४ मध्ये ग्रेस ब्राउनने लहान गटातील धावेत एलिसा लोंगो बोर्गिनीला मागे टाकले, तर २०२५ मध्ये मॉरिशसच्या किम ल कूरने चार जणींच्या गटात पुक पीटेर्स आणि फोलरिंग यांच्यावर मात केली. मराठी भाषकांची जुनी वस्ती ज्या बेटावर आहे, तेथील कन्येने हा मान मिळविला, हे आपल्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. तात्पर्य, स्त्रियांच्या शर्यतीत पाचव्या कसोटीला अधिक वजन द्यावे.

कोणता चढ निर्णायक? निकालांचा कौल

शेवट लीएजला आल्यापासूनचे निकाल क्रमाने मांडले, की उत्तर बरेच स्वच्छ दिसते. २०१९ मध्ये याकोब फुल्सांगने, आणि २०२० व २०२१ मध्ये आघाडीच्या लहान गटांनी, रोश-ओ-फोकोंवर निर्णायक अंतर पाडले. २०२२ पासून २०२५ पर्यंत चारही वर्षे विजयी चढाई ला रदूतवर किंवा त्याच्या माथ्यालगत झाली. म्हणून यादीत एकटा सर्वांवर भारी असा सायकलपटू असेल तर ला रदूतकडे पाहावे, आणि बलाबल समसमान असेल तर रोश-ओ-फोकोंकडे. हा नियम पुरेसा आहे.

नेहमी होणारे गैरसमज

- "पुढे गेलेली टोळी आता जिंकणार." सकाळी निसटलेल्या टोळीची आघाडी चार-पाच मिनिटांची असली तरी बलाढ्य संघ ती हेतुतः राखू देतात आणि बहुधा वान–स्तोकूच्या परिसरात ती आटत जाते. आघाडीचे आकडे दर अर्ध्या तासाने टिपावेत. ते ज्या वेगाने घटतात त्यावरून कोणता संघ पाठलागाचा भार उचलीत आहे ते कळते.
- "शेवटच्या तीन किलोमीटरांत पडल्यास वेळ माफ होतो." ही सवलत टप्प्यांच्या शर्यतींत आहे. एकदिवसीय शर्यतीत ती नाही. पडला तो मागे राहिला.
- "रेषा जवळ आली म्हणजे निकाल लागला." २०२० मध्ये नवा विश्वविजेता आलाफिलिपने रेषेआधीच दोन्ही हात उंचावले, त्या क्षणी प्रिमोझ रोग्लिचने सायकल पुढे लोटली आणि विजय हिरावून घेतला. शिवाय अंतिम धावेत आपली रेघ सोडल्याबद्दल पंचांनी आलाफिलिपला पाचव्या क्रमांकावर ढकलले. पंचांचा निर्णय जाहीर होईपर्यंत निकाल पक्का धरू नये.
- "नियमभंग झाला तर मागाहून पाहता येईल." १९५७ मध्ये जेर्मां देरेइकने बंद रेल्वेफाटक ओलांडले होते. तो प्रथम आला, पण पंचांनी तोडगा म्हणून दुसऱ्या आलेल्या फ्रान्स स्कूबेनलाही विजेता घोषित केले. आजच्या नियमांनुसार बंद फाटक ओलांडणारा सरळ बाद होतो.
- "हवामान सर्वांना सारखेच." १९८० मध्ये हिमवर्षावात १७४ पैकी अवघे २१ जण शर्यत पुरी करू शकले आणि बेर्नार इनो नऊ मिनिटांहून अधिक अंतराने जिंकले. थंडी आणि पाऊस असेल तर अतिकृश सायकलपटूंची नावे यादीत एक पायरी खाली आणावीत.

आपल्याजवळ वेळ किती? तीन पर्याय

१. पाऊण ते एक तास : ला रदूतच्या पायथ्यापासून पाहावे. आपल्याकडील वेळेनुसार हा भाग बहुधा सायंकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान येतो.

२. अडीच तास : वानपासून पाहावे. कोणत्या संघाचे किती सहायक उरले, हे स्तोकूच्या माथ्यावर मोजावे आणि ओत-लव्हेवर पुन्हा मोजावे. ही संख्या अखेरच्या निकालाचे उत्तम पूर्वचिन्ह आहे. प्रथमच पाहणाऱ्यास मी हाच पर्याय सुचवीन.

३. संपूर्ण शर्यत : आरंभीच्या तासात कोणत्या संघाने टोळीत माणूस पाठविला नाही, ते लिहून ठेवावे. त्या संघाला पुढे पाठलाग करावा लागतो, म्हणजे त्याचे सायकलपटू आधी दमतात.

प्रत्यक्ष जाण्याचा मनोदय असल्यास

युरोपात वास्तव्य असलेल्या मराठी वाचकांना हा प्रवास सोपा आहे. भारतातून जाणाऱ्यांनी पुढील क्रम पाळावा.

- प्रवेशपरवाना : शेंगेन देशांचा अल्पमुदतीचा परवाना लागतो. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो, परंतु अखेरच्या पंधरवड्याची वाट पाहू नये. मुख्य मुक्काम बेल्जियममध्ये असेल तर अर्ज बेल्जियमकडेच करावा. पारपत्र परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावे, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा असावा.
- आपला हक्क : अर्ज नाकारला गेल्यास कारणे लेखी कळविली जातात आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. अपिलाची मुदत आणि रीत त्या पत्रातच नमूद असते, सबब ते पत्र जपून ठेवावे.
- तिकीट लागत नाही : रस्त्याच्या कडेला उभे राहून शर्यत पाहणे सर्वांस विनामूल्य आहे. शेवटच्या रेषेजवळील काही राखीव कक्ष सोडले, तर कोणी चढावर उभे राहण्यासाठी पैसे मागितल्यास ते देण्याचे कारण नाही.
- जागा कोणती निवडावी : लीएजहून लक्झेम्बर्गकडे जाणाऱ्या लोहमार्गावर एवाय हे स्थानक आहे. तेथून रमूशां गाव आणि ला रदूतचा पायथा पायी गाठता येतो. फिलिप जिल्बेर या २०११ च्या विजेत्याचे हे गाव, आणि त्याच्या नावाची रंगीत अक्षरे या चढाच्या डांबरावर वर्षानुवर्षे रंगविली जात आली आहेत. स्त्रियांची आणि पुरुषांची अशा दोन्ही शर्यती येथून जात असल्याने एकाच जागी दोन्ही दिसतात. सकाळी लवकर पोहोचावे, कारण रस्ते बंद झाल्यावर मोटारीने जवळ जाता येत नाही.
- आपली जबाबदारी : वळणाच्या बाहेरच्या कडेला उभे राहू नये, सायकलपटूंच्या बाजूने धावू नये, छायाचित्रासाठी हात रस्त्यावर काढू नये आणि लहान मुलांचा हात सोडू नये. शिट्टी व निशाण घेतलेल्या स्वयंसेवकाने अडविले तर रस्ता ओलांडण्याचा हट्ट धरू नये.
- स्वतः सायकल चालवायची असल्यास : मुख्य शर्यतीच्या आदल्या दिवशी हौशी सायकलपटूंसाठी याच टेकड्यांतून फेरी भरते. सुमारे ८० किलोमीटरांपासून २५० किलोमीटरांहून अधिक अशी वेगवेगळी अंतरे असतात आणि नोंदणी आधी करावी लागते. ध्यानात ठेवावे, की त्या दिवशी रस्ते वाहतुकीला खुले असतात आणि वाहतुकीचे सर्व नियम आपल्याला लागू होतात. सिंहगडाच्या किंवा खंडाळ्याच्या घाटात नियमित सराव असणाऱ्यांनीही प्रथम मधले अंतर निवडावे.

शेवटी

येत्या शर्यतीच्या आदल्या सायंकाळी एक कागद घ्यावा, त्यावर वान, स्तोकू, ओत-लव्हे, ला रदूत, फोर्ज आणि रोश-ओ-फोकों ही नावे शेवटापासूनच्या अंतरांसह लिहावीत, आणि त्याखाली पाच कसोट्यांना उतरणारी जास्तीत जास्त सहा नावे मांडावीत. एखादे नाव निश्चित विजेता म्हणून घोषित करणाऱ्या कोणत्याही भाकितापेक्षा हा कागद आपल्याला अधिक शिकवील. आपला अंदाज चुकला तरी तो कोणत्या चढावर चुकला हे आपल्याला नेमके सांगता येईल, आणि पुढील वर्षी तेवढीच दुरुस्ती करावी लागेल.